धामणीची शीर

गिरणीत मी चौदा वर्षं घनफूट लिहिते,
सावर्ड्याला, रुळांच्या अलीकडे.
लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी.
लाकूड आतून कुठे निघालं आहे
याचा रकाना आमच्या वहीत नाही.

म्हणून पहिली फळी मीच निवडली.
चारी कडा काटकोनात,
पट्टी लावली तर खालून उजेड दिसणार नाही इतकी सरळ.
खोतीगावला नेली बसमधून, उभी धरून.
कंडक्टरने विचारलं, हिचं तिकीट?

कुळागरात वानरं शहाळी फोडत होती,
मला फक्त त्यांना हाकलायला एक गलोल हवी होती,
दोन दोऱ्यांची, मधे मातीच्या गोळीला झोळी.
कुष्टा वेळीपाने फळी मांडीवर आडवी घेतली,
अंगठ्याचं नख एका रेघेवर ठेवलं
आणि ओढत नेलं.
हातभर गेल्यावर
रेघ फळीच्या कडेवरून उतरून गेली.
नख हवेत.
"हांगा मोडटली," म्हणाला.

मी हट्टी.
त्याने वाद घातला नाही, तासून दिली.
तिसऱ्या ओढीला मोडली,
नखाने जिथे जागा सोडली होती तिथेच.
एक लांब कुसळ माझ्या बाहीत अडकलं
ते मी अजून ठेवलं आहे, का ते ठाऊक नाही.

मग धामण.
वादळात बांधावर आडवी झालेली,
दोन वर्षं गोठ्याच्या आढ्याखाली वाळलेली.
करवत त्याने भिंतीवरून काढलीच नाही.
पाचर. एक ठोका. मग थांबून ऐकणं.
लाकूड आपण होऊन फाटत गेलं,
गाठीपाशी वळलं,
पायवाट रोयणीला वळसा घालते तसं,
आणि पुढे पुन्हा आपल्या वाटेला लागलं.

"वाकडी निघाली," मी म्हटलं.
"तुझ्या पट्टीला वाकडी, बाय.
तिची शीर या टोकाची त्या टोकाला पोचली ना?"

साल होती ती बाजू बाहेर, वानरांकडे.
गाभा आपल्याकडे.
उलट का नाही, विचारलं,
तर त्याने माडाचा हीर माझ्या बोटांत वाकवून दिला:
पाठीला ताण, पोटाला दाब.
ज्या अंगाने वारा पाहिला
त्याच अंगाला ओढ सोसू दे.

साल गेली. मग एकेक वर्ष सोलत गेला,
कागदासारखी पातळ दोन, त्याखाली एक जाड, तांबूस.
इथे थांबला.
पाठीवर एकच वर्ष राखायचं, अखंड,
धार चुकून त्याच्या खाली गेली की संपलं.
गाठीभोवती त्याने धार बाजूला ठेवली,
फुटक्या काचेने खरवडत बसला,
दुपारभर, एका वितीसाठी.

मी मोजलं, सवयीने.
सालीपासून अकरावं. वाळण्याची दोन मिळवून तेरा.
म्हणजे गिरणीतलं माझं दुसरं वर्ष.
खूप आठवून पाहिलं.
एक छत्री हरवली होती बहुतेक.
वह्या भरल्या असतील. पगार झाले असतील.
धामणीला मात्र ते वर्ष चांगलं गेलं होतं.

सोमवारी ट्रक आला.
टेप लावायच्या आधी
मी एका ओंडक्याच्या सोललेल्या अंगावर नख ठेवलं.
"किदें सोदता, बाई?" मारियान हमालाने विचारलं.
काही नाही, म्हटलं, आणि लांबी लिहिली.

गोळ्या शेतातल्या मातीच्या वळ.
रोयणीची माती घेऊ नको, इतकंच त्याने बजावलं.

शनिवारी पहाटे ओढली.
ती वाकली, गाठीपाशी किंचित कमी,
जिथे काच फिरली होती तिथे.
कसलाही आवाज झाला नाही.
गोळी पोफळींतून गेली
आणि पंपाच्या पत्र्यावर खणकन वाजली.

सगळी वानरं पळाली, एक सोडून.
ती मादी माडाच्या झावळीवर बसून राहिली,
शहाळं पोटाशी धरून,
माझ्या हाताकडे पाहत,
जणू पुढची ओढ किती लांब जाते
तेच तिला बघायचं होतं.